दहावीनंतर लाईनमन व्हायचंय? खांबावर चढण्याआधी हे वाचा

भिवंडी : पावसाळा सुरू झाला की गावात लाईट जाणं ठरलेलंच. कुठे फांदी तारेवर पडते, कुठे डीपीचा फ्यूज उडतो. लाईनमन यायला उशीर झाला की गावातलाच एखादा तरुण पक्कड घेऊन डीपीकडे निघतो. असं काम करणाऱ्याला गावाकडे 'झिरो वायरमन' म्हणतात. त्याच्याकडे ना शिक्षण असतं, ना परवाना, ना विमा. अपघात झाला तर तो कुणाचाच कर्मचारी नसतो, आणि भरपाईसाठी घरच्यांची दमछाक होते.

हेच काम रीतसर शिकून केलं तर त्यात नोकरी आहे, पगार आहे, बढतीही आहे. दोन्हींत फरक आहे तो दोन वर्षांच्या शिक्षणाचा. नववी-दहावीतल्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती.

वीज घरापर्यंत येते कशी?

हे समजायला भिवंडी तालुक्याबाहेर जायची गरज नाही. पडघ्याला 400 केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून निघालेली सुमारे 750 किलोमीटर लांबीची 500 केव्हीची डीसी लाईन पडघ्यालाच येऊन थांबते. ती 1999 पासून सुरू आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला पडघा-कळवा मार्गावरच्या लाईनी बंद झाल्या, तेव्हा मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

या उंच टॉवरच्या लाईनी सांभाळण्याचं काम पारेषणचं. पुढे लहान उपकेंद्रातून 11 किंवा 22 हजार व्होल्टचे फिडर गावोगाव जातात. गावातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, हा दाब कमी होतो आणि घरात 230 व्होल्ट येतात. उपकेंद्रापासून घराच्या मीटरपर्यंतचा हा शेवटचा टप्पा वितरणचा. आपण ज्याला लाईनमन म्हणतो, तो या टप्प्यावर काम करतो.

काम नेमकं काय असतं?

- फिडरवर पायी फिरून बिघाड शोधणं. फुटलेला इन्सुलेटर, तुटलेला जंपर, झोळ पडलेली तार नजरेला पडली पाहिजे.
- तारेजवळच्या फांद्या तोडणं, शक्यतो पावसाळ्याआधीच.
- डीपीचे फ्यूज बदलणं, तेल आणि आर्थिंग तपासणं.
- नवीन खांब उभे करणं, तार ओढणं, सर्व्हिस वायर आणि मीटर जोडणं.
- थकबाकी असलेलं कनेक्शन तोडणं आणि आकडे काढणं. यात लोकांशी वाद होतात, डोकं शांत ठेवावं लागतं.

वादळ आलं की सुट्टी रद्द. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर खांब उभे करायला इतर जिल्ह्यांतले कर्मचारीही कोकणात गेले होते.

खरं कौशल्य लाईन बंद करण्यात

खांबावर चढणं थोड्या सरावाने जमतं. लाईन खात्रीने बंद आहे की नाही, हे तपासायला मात्र शिकावं लागतं. प्रशिक्षित माणूस हा क्रम मोडत नाही:

1. उपकेंद्रातून त्या फिडरवर काम करायची परवानगी घ्यायची. याला 'परमिट' म्हणतात.
2. फिडर बंद करून स्विच उघडायचा, कुलूप लावायचं आणि 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवायची.
3. टेस्टरने तारेत वीज नाही ना, ते पाहायचं.
4. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने तार जमिनीला जोडायची.
5. हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बेल्ट घालूनच वर चढायचं.

चौथी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तीच घात करते. फिडर बंद असला तरी कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी लाईनवर येऊ शकते. भिवंडीत कारखाने आणि गोदामं भरपूर, त्यामुळे जनरेटरही भरपूर. शेजारची चालू तार बंद तारेवर पडू शकते. तार जमिनीला जोडलेली असेल तर अशी वीज जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. झिरो वायरमन फोनवर "लाईट बंद कर रे" म्हणतो आणि लगेच वर चढतो. सारा धोका तिथेच आहे.

शिक्षणाचा रस्ता

दहावीनंतर आयटीआयचे दोन ट्रेड यासाठी चालतात. अर्जात त्यांची मराठी नावं दिसतात, ती लक्षात ठेवा. इलेक्ट्रिशियन म्हणजे 'वीजतंत्री', वायरमन म्हणजे 'तारतंत्री'. दोन्ही कोर्स दोन वर्षांचे आहेत.

वीजतंत्रीला गणित-विज्ञानासह दहावी पास लागते. तारतंत्रीसाठी शिक्षणाची अट कमी आहे. पण महावितरणच्या नोकरीला दहावी पास लागतेच. म्हणून दहावीत विषय राहिला असेल, तर तारतंत्रीला प्रवेश मिळाला तरी राहिलेला विषय सोडवून घ्या.

प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाईन होतात. दहावीच्या निकालाच्या सुमारास अर्ज सुरू होतात आणि जागा गुणवत्तेनुसार मिळतात. सरकारी आयटीआय भिवंडीत आहे, शहापूर आणि मुरबाडलाही आहे. पसंतीक्रम भरताना जवळची आयटीआय वर लिहा, म्हणजे रोजच्या प्रवासाचा खर्च वाचेल.

आयटीआय झाल्यावर पुढे काय?

अप्रेंटिसशिप : 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कंपन्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतात आणि विद्यावेतन देतात. ही कायमची नोकरी नव्हे, पण चालू यंत्रणेवर हात तिथेच बसतो.

महावितरण : इथे सुरुवात 'विद्युत सहाय्यक' या पदापासून होते. 2023 च्या जाहिरातीत 5,347 जागा होत्या. पात्रता दहावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्री, वय 18 ते 27, मागासवर्गीयांना 5 वर्षांची सवलत. पहिली तीन वर्षं कंत्राटी असतात. त्या जाहिरातीत मानधन पहिल्या वर्षी दरमहा 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000 आणि तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये होतं. तीन वर्षं नीट काम केलं की 'तंत्रज्ञ' म्हणून नेमणूक होते. पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ अशा पायऱ्या आहेत. भरती दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून तिच्या भरवशावर घरी बसून राहू नये.

भिवंडीत टोरंट : भिवंडी शहर आणि आजूबाजूच्या गावांत 26 जानेवारी 2007 पासून वीज वितरणाचं काम टोरंट पॉवर करते. कंपनी महावितरणची फ्रँचायझी आहे. इथली लाईनची कामं कंपनी आणि तिचे ठेकेदार यांच्यामार्फत होतात. शहापूर, मुरबाड, वाडा या शेजारच्या तालुक्यांत महावितरण स्वतः काम पाहते.

ठेकेदाराकडे काम : सुरुवातीला अनेकांना हेच मिळतं. रुजू होण्याआधी चार गोष्टी विचारा. पीएफ कापता का? ईएसआयसी किंवा विमा आहे का? बेल्ट-हातमोजे कोण देणार? परमिट कोण घेणार? उत्तरं गुळमुळीत आली तर ते काम नको.

इतर वाटा : रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत 25,000 व्होल्ट असतात, तिथेही तंत्रज्ञ लागतात. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा या वीज कंपन्या आहेत. पॉवरलूम आणि गोदामांना देखभालीचा इलेक्ट्रिशियन लागतो. छतावरच्या सोलरचं कामही वाढतं आहे. स्वतःचं काम सुरू करायचं तर विद्युत निरीक्षक विभागाकडून वायरमनचा परवाना काढावा लागतो. आणखी शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

मुलींना जमतं का?

जमतं. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात आणि भरतीत महिलांसाठी राखीव जागाही असतात. "पोरीला कशाला वायरमन करता" असं म्हणणाऱ्यांनी एकदा आयटीआयमध्ये जाऊन वर्ग पाहून यावा.

कुणी विचार करून यावं?

उंचीची भीती वाटत असेल तर हे काम त्रासाचं होईल. रंग ओळखण्यात अडचण असेल तर आधी डोळे तपासून घ्या. तीन फेजना लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा आणि आर्थला हिरवा रंग असतो. तिथे चूक चालत नाही. रात्री-अपरात्री फोन येणार, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावं. उंचीची भीती असलेल्यांनी हा ट्रेडच सोडायची गरज नाही. उपकेंद्र, मीटर तपासणी, मोटार रिवाइंडिंग ही कामं जमिनीवरचीच आहेत.

फसू नका

'दोन लाख द्या, महावितरणमध्ये लावतो' असं सांगणारे एजंट फिरत असतात. भरती कंपनीच्या अधिकृत वेबसाईटवरच्या जाहिरातीनेच होते, आणि 2023 च्या जाहिरातीनुसार निवडीसाठी ऑनलाईन परीक्षा होती. व्हॉट्सअॅपवर आलेली जाहिरात आधी वेबसाईटवर पडताळून पाहा. आयटीआय खासगी असेल तर तिला आणि त्या ट्रेडला सरकारी मान्यता आहे का, तेही पाहा. मान्यता नसेल तर ते सर्टिफिकेट भरतीत चालणार नाही.

आत्ता काय करायचं?

- नववी-दहावीतल्यांनी विज्ञानातला विजेचा धडा आणि गणित पक्कं करावं. आयटीआयची सुरुवात तिथूनच होते.
- जातीचा दाखला, अधिवास दाखला, आधार यांवरची नावं एकसारखी करून घ्यावीत. यात सर्वांत जास्त वेळ जातो.
- शाळांनी जवळच्या आयटीआयला मुलांची भेट ठेवावी. दरवर्षी 4 मार्चला 'लाईनमन दिवस' असतो. त्या दिवशी गावच्या लाईनमनला शाळेत बोलावता येईल.
- तोवर डीपीला हात लावायचा नाही. बिघाड झाला तर वीजबिलावर छापलेल्या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तार तुटून पडलेली दिसली तर लांब उभं राहा आणि माणसं, गुरं यांना तिच्या जवळ जाऊ देऊ नका.