घाटातली वाफ

कसारा लोकलमध्ये डावीकडची खिडकी पकडा. आसनगाव सुटलं की माहुलीचे सुळके दिसू लागतात. नजर त्यांच्यावरच ठेवा, कारण पुढच्या अर्ध्या तासात बाकी सगळं बदलणार आहे. आधी डोक्यावरच्या तारा जातात. मग गोदामं, बंगल्यांच्या स्कीमचे बोर्ड, महामार्गावरचे ढाबे. मोबाइलची रेंज जाते. ती तशीही खर्डीच्या पुढे रुसलेलीच असते. खिडकीतून कोळशाचा धूर आत येतो, डोळ्यात कण जातो. डोळा चोळून बघता तर तुम्ही कसाऱ्यात. साल १८६५, महिना आषाढ.

याच वर्षी १ जानेवारीला इगतपुरीपर्यंतचा घाट खुला झालाय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे जीआयपीला, तुमचा शहापूर तालुका ओलांडायला जवळजवळ दहा वर्षं लागली. १८५५ च्या ऑक्टोबरात गाडी कल्याणहून वासिंदला आली आणि तिथेच अडकली. आसनगाव गाठायला १८६० चा फेब्रुवारी उजाडला. आज लोकलला ज्या अंतराला दहा मिनिटंही लागत नाहीत, त्याला चार वर्षांहून जास्त! कसारा १८६१ मध्ये आलं. मग चार वर्षं नाशिककडचे उतारू इथे गाडी सोडून आग्रा रोडने घाट चढले.

आता इंजिनावर चढा. कुणी हटकणार नाही, आज तुम्ही कुणाला दिसत नाही. हे इंजिन विलायतेच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने मुद्दाम घाटांसाठी बांधलेलं आहे. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी घातलेली. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, ओढायचा नाही, आणि पाण्याचं वजन थेट चाकांवर पडतं, म्हणून चाकं रुळाला धरून राहतात. निदान टाकी भरलेली असेतोवर. ड्रायव्हर गोरा आहे. त्याच्या पायाशी भट्टीचं तोंड उघडतं तेव्हा पोटऱ्या भाजतात, आणि पाठीवर मात्र आषाढाची सर.

चढ एकास सदतीस. सदतीस फूट पुढे सरकलात की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढायचंय, रूळ ओले आहेत आणि मागे भरलेली गाडी आहे. चाकं जागच्या जागी गरगरतात, धुराड्यातून एकदम धडधड उडते, ड्रायव्हर वाफ तोडतो, रुळांवर वाळू सोडतो, पुन्हा हळूच वाफ देतो. बोगदा आला की ओलं फडकं तोंडावर धरा. असे तेरा बोगदे आहेत. एहेगावच्या पुलावर खाली बघायचं धाडस असेल तर बघा. तळ १८२ फुटांवर आहे. हा मार्ग आखणारे मुख्य अभियंता जेम्स बर्कली तो पुरा झालेला बघायला उरले नाहीत, १८६२ मध्येच वारले. निदान त्यांचं नाव तरी राहिलं. सुरुंग लावून हा कातळ फोडणारे आणि पटकीने पटापट गेलेले मजूर कोण होते, ते कोण सांगणार?

चढण मात्र सोपी म्हणायची. खरा जीव जातो तो उतरताना. इंजिनाला चाकांच्या ब्रेकशिवाय आणखी एक ब्रेक आहे: थेट रुळावर दाबला जाणारा, घसरगाडीच्या पट्टीसारखा. तोही पुरला नाही तर कॅच सायडिंग. उतारावर मध्येच एक फाटा डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तिथेच संपतो. सुटलेली गाडी त्यावर घालायची, चढाने ती आपोआप दमते. ती दमण्याआधी फाटा संपला तर काय, हा प्रश्न ड्रायव्हरला विचारू नका.

मुरबाडकरांनो, तुमची वाट वेगळी. तुमच्या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही, तेव्हा म्हशावरून कर्जतच्या रस्त्याने नेरळ गाठा. १९०७ सालचा मार्च, तारीख २२. इथून वर माथेरान. १८५० मध्ये त्याचा ‘शोध’ ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला म्हणतात; वर राहणाऱ्या ठाकर-धनगरांना ते हरवलंय हे माहीतच नव्हतं. आज अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांची छोटी रेल्वे सुरू होतेय. पैसा वडिलांचा, सर आदमजींचा. खर्च सोळा लाख. दोन फुटी गेज, एकास वीसचा चढ. कसाऱ्याच्या घाटाला लाजवील असा.

इंजिनं जर्मनीची, ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची. खाली वाकून बघा, सगळी करामत तिथे आहे. तीन जोड्या चाकं, सगळी एकमेकींना दांड्यांनी जोडलेली. असं इंजिन साठ फूट त्रिज्येच्या वळणात अडकायलाच हवं. पण पुढचा आणि मागचा कणा पोकळ आहे. दांड्या फिरवतात तो आतला भरीव कणा. त्याच्यावर बाहेरची पोकळ नळी मधोमध गोल सांध्याने बसवलेली, आणि चाकं त्या नळीला. वळण आलं की नळी चाकांसकट थोडी सरकते, थोडी वळते, आतला कणा सरळच राहतो. क्लीन आणि लिंडनर यांची ही युक्ती. आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा हात, बार्शी लाइट रेल्वेवाले तेच. डब्यांवर ब्रेकवाले बसलेत. शिट्टी झाली की हातांनी चक्र आवळायचं, पुन्हा झाली की सोडायचं. गाडी इंजिनवाल्याची जितकी, तितकीच त्यांची.

परत कसाऱ्याला या, आता १९३० च्या आसपास. तारा आल्या आहेत. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसची वीज, आणि घाटात स्वित्झर्लंडची नवी विजेची इंजिनं. लोकांनी त्यांचं नाव ठेवलंय खेकडा. बोगद्यातला धूर गेला, वाळूची रड कमी झाली, आणि घाटातल्या वाफेच्या इंजिनांची गरज संपली. कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. तेरा बोगद्यांचा धूर ज्याने खाल्लाय तो कशाला हळहळेल?

माथेरानच्या इंजिनांचं नशीब वेगळं. १९५० च्या दशकात डिझेल आलं तरी ती तगून राहिली, १९८० च्या सुमारास निवृत्त झाली, आणि तोवर जुनं इंजिन जपायची हौस जगभर रुजली होती. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, एक नेरळ स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढलं, ७४० क्रमांकाचं तर थेट इंग्लंडला. खेकड्यालाही दिल्लीत जागा मिळाली. माझं म्हणणं एवढंच की जपलं गेलं ते सहलीला नेणारं किंवा उशिरा मेलेलं. कापूस, धान्य आणि डाक वर चढवून थकलेलं लवकर मेलं, म्हणून त्याला चौथरा नाही.

पुढच्या वेळी नेरळला उतरलात तर त्या इंजिनासमोर फोटो काढायची रांग असेल. लागा तुम्हीही. पण नंतर बाजूला जाऊन पुढच्या चाकांच्या मधोमध डोकावा. कण्याचा मध्यभाग टोकांपेक्षा जाड दिसेल. तो सांधा तिथेच आहे.