दादर, मेट्रो आणि इंटरनेटचा नाका

बोरिवलीहून मुलुंडला जायचं तर दादरला गाडी बदलायची, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. पण मंडळी, एके काळी आपल्या इंटरनेटला असं दादरच नव्हतं!

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं. पण त्यांची नेटवर्क्स एकमेकांना इथे फारशी जोडलेली नव्हती. मग बोरिवलीची मेल मुलुंडला अनेकदा अमेरिकेला वळसा घालून जायची. महागड्या परदेशी बॅण्डविड्थचे पैसे दोन्ही कंपन्या भरायच्या!

म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही ना-नफा संस्था निघाली, मुंबईतही नाका झाला. हिशोब सोपा: दहा कंपन्यांना एकमेकींशी थेट जोडायला ४५ लाइनी लागतात, नाक्यावर फक्त १०.

गोम होती नियमात. जो जास्त डेटा मागवेल, त्याने पैसे द्यायचे. घरगुती गिऱ्हाइकांची छोटी कंपनी सतत मागवतच असते, म्हणजे बिल तिलाच. शिवाय बराच काळ प्रवेश फक्त परवानाधारक आयएसपींना. पुढे २०१० च्या दशकात डी-सीआयएक्ससारखे नाके मुंबईत आले, तिथे कंटेंटवाल्यांनाही जागा मिळाली.

अर्थात, दादरला गाडी अडकली की सगळेच लटकतात. म्हणून ज्या दोघांत रहदारी प्रचंड, ते आपली थेट लाइन टाकतात; २०१४ ला अंधेरी-घाटकोपर मेट्रो झाली तशी. पण मेट्रो सगळ्यांना कुठली परवडायला? लहानांना नाका हवाच. आणि माझ्या मते तो चालणार की नाही हे स्विच ठरवत नाही, पैसे कोणी भरायचे हा नियम ठरवतो.