भागबाजारातल्या जामीनदाराची कुळकथा

पतपेढीत कर्जाचा अर्ज घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो : जामीनदार कोण? कर्ज घेणारा अनोळखी असला तरी चालतं, त्याच्यामागे उभा राहणारा मात्र भरवशाचा लागतो. इन्व्हेस्टमेंट बँकरचा धंदा मुळात हाच. तो ठेवी सांभाळत नाही, घरकर्जही देत नाही. कंपनीचे शेअर आणि रोखे विकून देणं, त्यांचा भाव ठरवायला मदत करणं, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत सल्ला देणं ही त्याची कामं. ‘ही कंपनी मी तपासली आहे’ असं नावानिशी सांगण्याचे तो पैसे घेतो. त्याच्या कुळाचा एक धागा ठाणे स्टेशनात सापडतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीचा धडा सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. ती कोणाच्या पैशावर धावली, हे त्या धड्यात नसतं. नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत खटपट केली. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला १८४९ मध्ये कायद्याने रूप आलं ते लंडनला, आणि तिचं भांडवलही मुख्यतः विलायतेतच उभं राहिलं. हिंदुस्थानचं तोंडही न पाहिलेला इंग्रज ठाण्याच्या रुळांत पैसे घालायला तयार झाला, कारण ईस्ट इंडिया कंपनीने करारच तसा केला होता : जमीन फुकट आणि भांडवलावर पाच टक्के व्याज पक्कं. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. सही सरकारची आणि भुर्दंड इथल्या रयतेला, असा हा जामीन. व्याज बुडण्याची भीतीच नसल्यामुळे काटकसरीची निकड कोणाला राहिली नाही.

पुढच्याच दशकात मुंबईने याच्या नेमकं उलट चित्र पाहिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातल्या त्या तेजीत समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअरही लोकांनी डोळे झाकून घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. इथे जामीनदारच नव्हता. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली, पण दलाल सौदा जुळवतो. कंपनी खरी की पोकळ, याची जबाबदारी तो घेत नाही.

ती जबाबदारी पुढे घराण्यांच्या नावावर आली. टाटा आयर्न अँड स्टीलसाठी लंडनच्या बाजारात डाळ शिजली नाही, तेव्हा १९०७ मध्ये मुंबईतच भाग विकायला काढले. स्वदेशीचे दिवस होते. टाटांच्या कचेरीवर सकाळपासून रात्रीपर्यंत रांगा लागल्या आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचं सगळं भांडवल भरलं. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे रोखे निघाले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. मध्ये इन्व्हेस्टमेंट बँकर नव्हता. टाटा हे नाव हाच जामीन. शंभर वर्षांनी, २००७ मध्ये, याच कंपनीने ६०८ पेन्स प्रतिभागाची बोली लावून ब्रिटनची कोरस ही पोलाद कंपनी घेतली, तेव्हा मात्र बँकर आणि कर्ज दोन्ही लागले.

१९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याने सूत्रं दिल्लीच्या कंट्रोलरकडे गेली. शेअर किती काढायचे आणि कोणत्या भावाने, हे सरकारी टेबलावर ठरू लागलं. बँकरला उरली कागदपत्रं आणि धावपळ. तरीही १९६७ मध्ये ग्रिंडलेज बँकेने मर्चंट बँकिंग (इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं आपल्याकडचं नाव) सुरू केलं, १९७२ मध्ये स्टेट बँक आणि १९७३ मध्ये आयसीआयसीआय त्यात उतरली. १९९२ मध्ये कंट्रोलरचं पद गेलं, भागबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचं बळ मिळालं आणि भाव ठरवणं कंपनी व तिच्या मर्चंट बँकरच्या हाती आलं.

आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर भागविक्रीच्या, माहितीपत्रकाचं पहिलं पान नीट बघा. कंपनीच्या नावाखाली ‘बुक रनिंग लीड मॅनेजर’ म्हणून ज्यांची बोधचिन्हं ओळीने छापलेली असतात, ते हे. सेबीकडे मसुदा देताना कंपनीची छाननी केल्याचं प्रमाणपत्र त्यांना सहीनिशी जोडावं लागतं. पण पूर्वीसारखा जामीन आता राहिलेला नाही. बुक बिल्डिंगमध्ये आधी मागणी गोळा होते आणि अंडररायटिंगचा (न खपलेले शेअर आपण घेऊ, असा) करार त्यानंतर होतो. ते गळ्यात पडण्याची धास्ती त्यामुळे बँकरला फारशी उरत नाही. जोखीम आपल्याकडे, शेअर घेणाऱ्यांकडे, सरकली आहे.

म्हणून यूपीआयवर पैसे अडकवायला मंजुरी देण्याआधी माहितीपत्रकातल्या दोन गोष्टी वाचा. पैसा कंपनीत जाणार आहे की ‘ऑफर फॉर सेल’मधून जुन्या मालकांच्या खिशात, ही पहिली. इश्यूच्या खर्चात लीड मॅनेजरची फी किती, ही दुसरी. ती फी कंपनी आणि शेअर विकणारे देतात. ज्याची फी घेतो, त्याचाच तो माणूस. आपला जामीनदार आपणच.