नांदणार का?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पन्नाशीच्या दशकात, करिंथ शहरातल्या नव्या ख्रिस्ती मंडळीने प्रेषित पौलाला पत्र लिहून काही घरगुती पेच विचारले. त्याच्या उत्तरात एक पेच दिसतो. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, बायकोने नाही, किंवा उलट. आता या लग्नाचे काय? मार्कच्या शुभवर्तमानात येशू लग्न मोडायला कुठलीच वाट ठेवत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यभिचारापुरता अपवाद आहे. पण एकाच घरात देव दोन झाले तर काय करावे, हे दोन्हीकडे नाही.

पौलाने उत्तर दिले आणि देताना कबूल केले, की हे प्रभूचे नव्हे, माझे सांगणे आहे. ही कबुली मला फार मोलाची वाटते. ख्रिस्ती नसलेला जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नका, हा उत्तराचा पहिला भाग. तो निघूनच गेला तर जाऊ द्या, मागे राहिलेला भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही, हा दुसरा. ‘पौलाची मुभा’ म्हणून पुढे जे ओळखले गेले, त्याचे कूळ या दुसऱ्या भागात आहे.

‘बांधलेली नाही’ म्हणजे नुसते वेगळे राहायचे, की दुसरे लग्नही करता येते? यावर शतकानुशतके खल झाला. ११९९ साली पोप तिसऱ्या इनोसंटने फेराराच्या बिशपला उत्तर पाठवून रेघ आखली. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांचे लग्न खरेच असते. पण त्यातला एक ख्रिस्ती झाला आणि दुसरा त्याच्याशी नांदेना, किंवा देवाची निंदा केल्याशिवाय नांदेना, तर ख्रिस्ती झालेल्याला पुन्हा लग्न करता येते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर मात्र एकजण पाखंडी झाला तरी गाठ सुटत नाही. पुढे या मुभेला एक अट पक्की चिकटली: बाप्तिस्मा न घेतलेल्या जोडीदाराला आधी विचारायचे. तू बाप्तिस्मा घेणार का? नसशील, तर देवाचा अपमान न करता सुखाने नांदणार का? १५८५ साली पोप तेराव्या ग्रेगरीने अंगोला, ब्राझीलसारख्या मुलखांतून पकडून दूर नेलेल्या माणसांसाठी ही अट सोडण्याची सोय केली. ज्याला विचारायचे तो समुद्रापलीकडे हरवलेला असे. माणसांना ओढून नेणाऱ्यांबद्दल त्या तरतुदीत निषेधाचा शब्द नसावा, हे आजही बोचते.

हाच प्रश्न १८६६ साली हिंदुस्थानच्या कायद्यात आला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला होता. १८६६ चा एकविसावा कायदा त्याच्या लग्नासाठी होता. सरकारचे विधिसदस्य हेन्री मेन यांनी तो पुढे नेला. ख्रिस्ती झालेल्यापासून त्याचा जोडीदार त्या कारणाने सलग सहा महिने दूर राहिला, तर त्याला अर्ज करता येई. पण अर्ज घटस्फोटाचा नव्हे, नांदवण्याचा! अर्ज नवऱ्याचा असेल आणि बायको नाही म्हणाली, तर न्यायाधीशाने खटला वर्षभर थांबवायचा. मधल्या काळात दोघांची भेट घडवायची, आणि तिथे न्यायाधीशाने नेमलेली माणसे हजर ठेवायची; त्या पडदानशीन बायकाही असू शकत. बायको मनापासून नाही म्हणते आहे, की घरच्यांच्या धाकाने, हे कळावे म्हणून. वर्षानंतरही नकार कायम राहिला तर लग्न संपे आणि दोघेही मोकळे होत.

इतकी काळजी, पण बायकोचे वय तेरा पूर्ण असले की पुरे. तेरा वर्षांच्या मुलीचे ‘नाही’ तिचे स्वतःचे किती आणि सासरमाहेरचे किती? मला ही संपूर्ण रचना इथे डळमळताना दिसते. शिवाय तीनच वर्षांनी, १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, ख्रिस्ती पत्नीला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरेना. जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. नवऱ्याला तिचा व्यभिचार पुरे होता. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली.

पौलाच्या उत्तराच्या पहिल्या भागाला कायद्याची गरज लागत नाही, म्हणून त्याचा इतिहास कोर्टाच्या दप्तरात सापडत नाही. तो मराठीत सापडतो, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या. सहा महिने कधीच उलटून गेले, कायदाही होता, पण लग्न मोडले नाही. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. एका छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर.