हिरोशिमा-नागासाकीवरील अणुबाँबहल्ले

हिरोशिमा-नागासाकीवरील अणुबाँबहल्ले : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने जपानमधील हिरोशिमा (६ ऑगस्ट १९४५) व नागासाकी (९ ऑगस्ट १९४५) या शहरांवर केलेले हल्ले. युद्धात अण्वस्त्रांचा वापर आजवर या दोनच वेळा झालेला आहे.

बाँब : हिरोशिमावरील बाँबमध्ये युरेनियम-२३५ चा एक भाग तोफेसारख्या नळीतून दुसऱ्यावर आदळवून भंजनाची (अणुकेंद्र दुभंगण्याची) साखळी प्रक्रिया घडवण्यात आली, तर नागासाकीवरील बाँबमध्ये प्लुटोनियमचा गोळा भोवतालच्या स्फोटकांनी सर्व बाजूंनी आत दाबण्यात आला. पहिला सकाळी ८.१५ ला सुमारे ६०० मी. उंचीवर, दुसरा ११.०२ ला सुमारे ५०० मी. उंचीवर फुटला, त्यांची शक्ती अनुक्रमे सुमारे १५ व २१ हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी होती. नागासाकीच्या दिवशी मूळ लक्ष्य कोकुरा हे शहर होते, परंतु ते विमानातून स्पष्ट दिसू शकले नाही.

जीवितहानी : १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० व नागासाकीत सुमारे ७४,००० लोक मृत्युमुखी पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात, अंदाजांत बरीच तफावत आहे.

किरणोत्सर्गाची मात्रा : वाचलेल्या व्यक्तीला किती मात्रा मिळाली, हे ती स्फोटबिंदूपासून किती दूर होती आणि मध्ये भिंत वा छप्पर होते की नाही, यावरून ठरवतात. या गणिताचा पडताळा शहरातील कौले व विटा यांवरून घेता आला. त्यांतील क्वॉर्ट्झच्या कणांत गॅमा किरणांची ऊर्जा साठून राहते आणि कण तापवले असता ती प्रकाशरूपाने बाहेर पडते, त्या प्रकाशाच्या मोजणीवरून मात्रा काढतात. स्फोटानंतर पडलेल्या ‘काळ्या पावसा’तून (काजळी व किरणोत्सर्गी कण मिसळलेल्या पावसातून) मिळालेल्या मात्रेबाबत मतभेद आहेत.

दूरगामी परिणाम : १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी आयोगाने आणि १९७५ पासून त्याच्या जागी आलेल्या जपानी-अमेरिकी संस्थेने सुमारे १,२०,००० व्यक्तींची पाहणी चालू ठेवली. रक्ताच्या कर्करोगाचे वाढीव प्रमाण प्रथम आढळले व सहा ते आठ वर्षांनी शिगेला पोहोचले; स्तन, फुप्फुस, जठर इत्यादींच्या कर्करोगांचा वाढीव धोका उशिरा दिसू लागला, मात्र तो आयुष्यभर टिकतो. हल्ल्यानंतर गर्भधारणा झालेल्या अपत्यांत आनुवंशिक दोषांची निश्चित वाढ आढळलेली नाही.

शरणागती : जपानने १५ ऑगस्ट रोजी शरणागती जाहीर केली, तीत बाँबहल्ल्यांचा आणि सोव्हिएट संघाने जपानविरुद्ध केलेल्या युद्धघोषणेचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

अवशेष : हिरोशिमातील घुमटाची भग्न इमारत १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

क्ष-किरण विभागात किंवा अणुवीज केंद्रात काम करणाऱ्यांसाठी जगभर ठरवलेल्या किरणोत्सर्गमर्यादा आजही मुख्यतः या दोन शहरांतील वाचलेल्यांच्या नोंदींवर आधारलेल्या आहेत.