अतिलघु भयकथा

अतिलघु भयकथा : एक-दोन वाक्यांपासून फार तर पानभर मजकुरात वाचकाला घाबरवणारा गद्य कथाप्रकार. शब्दसंख्येची सर्वमान्य मर्यादा नाही; दोन वाक्यांची कथा हा त्याचा आजचा सर्वांत लोकप्रिय साचा. दीर्घ भयकथा वातावरण, पात्रे, शंका, पुरावे आणि उलगडा अशा पायऱ्यांनी चढत जाते. इथे पात्राला बहुधा नावही नसते, स्थळ एका शब्दात येते आणि उलगडा मुद्दाम गाळलेला असतो. भीतीचा मोठा भाग वाचकाने स्वतः घडवायचा असतो. माणूस स्वतःच्या कल्पनेला जितका घाबरतो तितका दुसऱ्याने केलेल्या वर्णनाला घाबरत नाही. या प्रकाराचे सामर्थ्य आणि आकर्षण दोन्ही त्यातच आहे.

पूर्वपरंपरा

थोडक्यात सांगितलेली भुताची गोष्ट फार जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपला मित्र सुरा याला लिहिलेल्या पत्रात अथेन्समधल्या झपाटलेल्या घराची हकिकत आहे. स्वस्त भाड्याचा संशय आलेला तत्त्वज्ञ अथेनोडोरस मुद्दाम ते घर घेतो आणि रात्री लिहीत बसतो. बेड्या खळखळवत भूत समोर येऊन बोटाने बोलावते, तेव्हा तो ‘थांब’ अशी हाताने खूण करून लेखन चालूच ठेवतो. मग भूत अंगणात जिथे नाहीसे होते तिथे खणल्यावर साखळदंडांत अडकलेली हाडे सापडतात. सगळी गोष्ट एखाद्या पानात मावते. चीनमध्ये चौथ्या शतकातील गान बाओ याने अद्भुत आणि भयप्रद घटनांच्या अशाच त्रोटक नोंदी संकलित केल्या. पुढे फू सोंगलिंग (1640–1715) याच्या कथासंग्रहातही काही ओळींत संपणाऱ्या गोष्टी आहेत.

जपानमध्ये एदो काळात तर यातून एक खेळच रूढ झाला. रात्री मंडळी जमत, निळा कागद लावलेल्या दिव्यात शंभर वाती पेटवत आणि एकेक भुताची गोष्ट सांगून झाली की एकेक वात विझवत. शंभरावी वात विझली की खरोखरच काहीतरी अवतरते अशी समजूत असल्याने अनेक जण नव्याण्णवाव्या गोष्टीवरच थांबत. खोली टप्प्याटप्प्याने अंधारत जाण्यासाठी गोष्टी आखूड असणे गरजेचे होते. हिरोकात्सु किहारा आणि इचिरो नाकायामा यांच्या आधुनिक ‘शिन मिमिबुकुरो’ या कथामालेच्या प्रत्येक खंडात नव्याण्णवच गोष्टी आहेत. शंभरावीचा धाक त्यांनीही पाळला.

लॅफ्काडिओ हर्न याच्या ‘क्वायदान’ (1904) या संग्रहातील ‘मुजिना’ ही काही मिनिटांत वाचून होणारी कथा या परंपरेचा उत्तम नमुना आहे. रात्री चढावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याला रस्त्याकडेला रडणारी बाई दिसते. विचारपूस करताच ती तोंड फिरवते, तर चेहऱ्यावर नाक, डोळे, तोंड काहीच नाही. घाबरून पळालेला व्यापारी एका सोबा विक्रेत्याच्या दिव्यापाशी पोहोचतो. काय पाहिले ते त्याला सांगता येत नाही. विक्रेता स्वतःच्या तोंडावरून हात फिरवत ‘असेच का?’ असे विचारतो आणि त्याच क्षणी दिवा विझतो. पहिल्या भीतीपासून सुटका झाली असे वाटते, त्याच आसऱ्यात दुसरी भीती दबा धरून बसलेली असते. दोन वाक्यांच्या आजच्या कथेची घडणही हीच आहे.

आधुनिक रूप

पाश्चात्त्य साहित्यात या प्रकाराला सैद्धान्तिक बळ एडगर अ‍ॅलन पो याने दिले. हॉथॉर्नच्या कथांवरील 1842 च्या समीक्षेत त्याने आग्रह धरला की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्दाने एकाच परिणामासाठी राबावे. त्याची बैठक अर्ध्या तासापासून एक-दोन तासांची होती. अतिलघु भयकथेने ती एका श्वासावर आणली.

अमेरिकन लेखक टॉमस बेली ऑल्ड्रिच याने 1903 च्या ‘पॉन्कापॉग पेपर्स’मध्ये एक कल्पना टिपून ठेवली : पृथ्वीवर एकच माणूस उरला आहे, तो घरात बसला आहे आणि दारावरची घंटा वाजते. फ्रेडरिक ब्राऊन याने तीच कल्पना दोन वाक्यांत बसवली. घंटेच्या जागी दारावरची थाप आली. त्याची ‘नॉक’ ही कथा डिसेंबर 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्राऊन या दोन वाक्यांपाशी थांबला नाही. त्याने पुढे पूर्ण कथा लिहिली, परग्रहावरचे प्राणी आणले आणि प्रसंगाचा उलगडा केला. वाचकांनी मात्र जपून ठेवली ती पहिली दोन वाक्येच. दाराबाहेर कोण आहे हे कळले की भीतीला तोंड देता येते; कळले नाही तर ती तशीच उरते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

लॅटिन अमेरिकेत बोर्हेस, बियॉय कासारेस आणि सिल्विना ओकाम्पो यांनी 1940 मध्ये संपादित केलेल्या अद्भुतकथांच्या संग्रहात दीर्घ कथांच्या बरोबरीने काही ओळींच्या कथांनाही मानाचे स्थान दिले. ऑगुस्तो मोन्तेर्रोसो याची डायनासोरवरची एका वाक्याची कथा (1959) रूढ अर्थाने भयकथा नाही. तरी जाग आल्यावरही स्वप्नातले संकट समोरच असेल तर काय, ही धास्ती तिने सात स्पॅनिश शब्दांत मांडली.

रचना

हा प्रकार कसा काम करतो हे पाहण्यासाठी या नोंदीपुरता रचलेला एक नमुना घेऊ :

‘बाबांच्या तेराव्यानंतर मी त्यांचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. आज पहाटे त्याच नंबरावरून निरोप आला : इथे तुझी खोली लावून ठेवली आहे.’

पहिल्या वाक्यात भीतीचा मागमूस नाही. ‘तेरावा’ या एका शब्दाने मृत्यू, घरातला शोक आणि उलटलेले दिवस कळतात. वेगळे सांगावे लागत नाही. फोन ‘बंद करून कपाटात’ ठेवल्याने सरळ स्पष्टीकरणाची वाट बंद होते. वाचकाला मात्र तो तपशील केवळ आवराआवरीचा वाटतो. दुसऱ्या वाक्यात शिवी नाही, धमकी नाही. उलट मुलाची सोय पाहणाऱ्या बापाचा जिव्हाळा आहे. ‘इथे’ म्हणजे कुठे, आणि खोली ‘लावून’ झाली म्हणजे बोलावणे किती जवळ आले, हे वाचकाने ठरवायचे. निरोप ‘मी परत येतोय’ असा असता तर गोष्ट नेहमीच्या भुताची झाली असती. शेवटी ‘मी भीतीने थरथर कापू लागलो’ असे तिसरे वाक्य जोडले तर सारा परिणाम पात्राच्या वाट्याला जातो आणि वाचक मोकळा होतो.

यावरून रचनेची तीन सूत्रे दिसतात : पहिल्या भागात विश्वासाचे, रोजचे जग, त्यात पेरलेला आणि सहज नजरेआड होणारा तपशील, आणि तो तपशील अचानक दुसऱ्या अर्थाने उजळवणारा शेवट. शेवटचा शब्द वाचल्यावर वाचक आपोआप पहिल्या वाक्याकडे वळतो. भीती त्या परतीच्या वाटेवर भेटते.

आकर्षणाची कारणे

अ‍ॅन रॅडक्लिफ हिच्या 1826 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात धास्ती आणि किळसयुक्त भय यांत भेद केला आहे. अस्पष्ट, अर्धवट कळलेले संकट मनाच्या शक्तींना जागे करते. उघडेनागडे भीषण दृश्य त्यांना गोठवून टाकते, असे तिचे म्हणणे. अतिलघु भयकथेला दृश्य रंगवायला जागाच नसते. तिची आखूड लांबी तिला सक्तीने धास्तीच्या बाजूला ठेवते, आणि तिथेच ती बलवान ठरते.

दुसरे कारण घरगुतीपणाचे. सिग्मंड फ्रॉइडने 1919 च्या निबंधात दाखवले की जे ओळखीचे आणि आपले असते तेच परके होऊन समोर आले की विशेष भय वाटते. अनोळखी किल्ला किंवा दूरचे जंगल उभे करायला पाने लागतात. आईची हाक, पाळणा, आरसा, जिना, झोपायची खोली यांना वर्णन लागत नाही. ती वाचकाच्या घरात आधीच असतात, आणि कथा संपल्यावरही त्याला तिथेच वावरायचे असते.

तिसरे कारण अवधीचे. दीर्घ कथेत वाचकाची बुद्धी मध्येच डोके वर काढते : पोलिसांना का बोलावले नाही, दिवा का लावला नाही? इथे शंका सुचण्याआधीच कथा संपलेली असते. शिवाय भुताला शांत करण्याचा उपाय, मांत्रिक, पहाट, यांपैकी कोणताही दिलासा मिळत नाही. तणाव निर्माण होतो आणि तो सोडवायची जबाबदारी वाचकावर पडते.

भयकथा माणूस आवडीने का वाचतो, या कोड्यावर तत्त्वज्ञ नोएल कॅरल याने 1990 च्या ग्रंथात कुतूहलाचे उत्तर दिले : अशक्य वाटणारी गोष्ट खरोखर आहे का आणि ती काय आहे, हे जाणण्याची ओढ भीतीवर मात करते. अतिलघु कथा हे कुतूहल चेतवते आणि भागवत नाही. म्हणून एक वाचून थांबवत नाही, लगेच दुसरी हवी होते.

याखेरीज ही कथा पाठ होते. वीज गेलेल्या रात्री, वसतिगृहात किंवा प्रवासात ती पुस्तकाविना सांगता येते आणि सांगणाऱ्याच्या आवाजात नव्याने जिवंत होते. ऐकणारा उद्याचा सांगणारा होतो. ही देवघेव तिच्या लोकप्रियतेचा मोठा आधार आहे.

भारतीय आणि मराठी संदर्भ

महाराष्ट्र आणि गोव्यातील मौखिक परंपरेत मुंजा, हडळ, समंध, खवीस, देवचार यांच्या गोष्टी बहुधा चार-सहा वाक्यांच्याच असतात. रात्री वाटेत भेटलेला माणूस तंबाखू मागतो, गप्पा मारत सोबत चालतो, आणि चंद्रप्रकाशात त्याचे पाय उलटे दिसतात. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालून पहाटे त्याच झाडाखाली येतो. अशा गोष्टींत नदी, पाणंद, पिंपळ यांची नावे गावची खरी असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जावे लागते.

छापील मराठी भयसाहित्य मात्र विस्ताराकडे झुकले. नारायण धारप (1925–2008) यांनी संथपणे वातावरण गडद करत नेले. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी गूढकथेत माणसाच्या मनातल्या अंधाऱ्या जागा शोधल्या. मतकरींच्या शेवटच्या कलाटणीचे अतिलघु कथेशी जवळचे नाते आहे. अलीकडे ‘अलक’ या नावाने रूढ झालेल्या अतिलघुकथेतून मराठीत भयाचे विषयही हाताळले जातात.

या प्रकारातील भीतीला भूत लागतेच असे नाही, हे सआदत हसन मंटो यांच्या ‘सियाह हाशिये’ (1948) या उर्दू पुस्तकाने दाखवले. अनेक वर्षे मुंबईत राहिलेले मंटो फाळणीनंतर लाहोरला गेले आणि दंगलींवर काही ओळींचे तुकडे लिहिले. एकात पोटात सुरी चालवताना इजारीची नाडीही कापली जाते, आणि मारणाऱ्याला कळते की हा आपल्याच धर्माचा होता. त्याला वाईट वाटते ते चुकीबद्दल, खुनाबद्दल नाही. मंटो भाष्य करत नाहीत. त्या मौनामुळे वाचकाला माणसाचीच भीती वाटते, आणि भारतीय भाषांतील अतिलघु भयलेखनाचा हा सर्वोच्च टप्पा मानावा लागेल.

दृश्य माध्यमे

डेव्हिड सँडबर्ग याच्या ‘लाइट्स आउट’ (2013) या तीन मिनिटांहूनही छोट्या चित्रपटात दिवा मालवला की आकृती दिसते, लावला की नाहीशी होते. एवढ्यावर सगळी भीती उभी आहे. त्यावरून 2016 मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. दोन वाक्यांच्या भयकथेच्या साच्यावरून नाव घेतलेली ‘टू सेंटेन्स हॉरर स्टोरीज’ ही अमेरिकन मालिका 2019 पासून दूरचित्रवाणीवर दाखवली गेली.

मर्यादा आणि मूल्यमापन

लिहायला सोपा वाटत असल्याने या प्रकारात अनुकरण फार होते. आरशातले हालणारे प्रतिबिंब, पलंगाखालचा आवाज, निवेदक स्वतःच मेलेला निघणे या क्लृप्त्या वापरून बोथट झाल्या आहेत. केवळ धक्क्यावर विसंबणारी कथा एकदाच चालते. परक्या घरांची आणि सणांची उसनवारीही मराठी कथेला मारक ठरते, कारण वाचकाच्या मनात आधीच साठलेली भीती जागी करणे हेच या प्रकाराचे भांडवल आहे, आणि ती भीती ज्याच्या-त्याच्या घरातली, गावातली, भाषेतली असते.

चांगल्या अतिलघु भयकथेची कसोटी दुसऱ्या वाचनात लागते. शेवट ठाऊक असूनही पहिले वाक्य अधिक अस्वस्थ करत असेल, तर ती कथा टिकते. भय हा या कथेचा मार्ग आहे; तिच्या तळाशी बहुधा एकटेपणा, शोक, अपराध किंवा माणसातले क्रौर्य असते. त्या तळापर्यंत दोन वाक्यांत पोहोचणारा लेखक कथाकाराची मोठी कामगिरी पार पाडतो, आणि तिचे मोल शब्दसंख्येवरून कमी लेखता येत नाही.