रेनिन: मूत्रपिंडाचा निरोप

आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैलांच्या किमतीसोबत आता ‘बीपीच्या गोळी’च्याही गप्पा निघतात. ही गोळी हृदयाची, असंच बहुतेकांना वाटतं. तिच्या इतिहासाची एक वाट मात्र मूत्रपिंडातून जाते.

१८९८. स्टॉकहोम. रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. रक्तदाब चढला. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी नाव दिलं ‘रेनिन’. पुढं कित्येक वर्षं ते अडगळीत पडलं. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्यानं आवळली. दाब वाढला आणि रेनिन पुन्हा चर्चेत आलं.

मूत्रपिंडात रक्त कमी दाबानं आलं, की तिथल्या बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या पेशी रेनिन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि अंगभर धमन्या आवळल्या जातात. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेना म्हणून सगळ्या पाइपलाइनचा दाब वाढवावा, तसं.

मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वेगळी वाट धरली. धमन्या आवळायला लावणाऱ्या मज्जातंतूंना शांत करणाऱ्या सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. रेनिनची साखळी तोडणारं कॅप्टोप्रिल अमेरिकेत मंजूर झालं १९८१ मध्ये. त्याचा धागा मिळाला ब्राझीलमधल्या सापाच्या विषात!

सशापासून या गोळीपर्यंत ८३ वर्षं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी परस्पर बंद करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: मूत्रपिंडाचा हा निरोप मुका असतो. धमन्या आवळल्या तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही.